बाळाच्या खाटेची उंची

बाळ-बाळंतीण संध्याकाळी दवाखान्यातून घरी यायची होती, आणि खाटेचे पाय किती उंच ठेवायचे यावर दोन आज्यांचं काही जमेना. सुताराची गत इकडे आड तिकडे विहीर अशी झाली होती.

बापाकडच्या आजी भूकंपातून वाचलेल्या. त्यांचा हुकूम एकच, पाय कापा, बाळ जमिनीलगत निजेल. त्यांच्या घरात डबे खाली, टीव्ही खाली, भिंतीवर साधं कॅलेंडर नाही. आईकडच्या आजी पुरातून वाचलेल्या. त्यांना खाट छातीइतकी उंच हवी. परवा मुक्कामाला आल्या त्या चपलासुद्धा कपाटावर ठेवूनच बसल्या. तेव्हापासून एक आजी डबे वर चढवत होती, दुसरी खाली उतरवत होती. घरात मीठ कुठे आहे हे आता देवालाच ठाऊक.

"विहीणबाई, पाणी निदान सांगून येतं," भूकंपाच्या आजी म्हणाल्या. "आमच्याकडे वीस सेकंद. चष्मा शोधायलाही सवड नाही."

"नशीबवान आहात," पुराच्या आजी म्हणाल्या.

सुतार मुळातच तोंडाळ. "पायांना स्क्रू लावतो ना आजी. सोमवारी भूकंप, मंगळवारी पूर."

पुराच्या आजी हसल्या नाहीत. "मला दोन दिवस मिळाले होते हो. पाणी एकेक पायरी चढत होतं. मी शिलाई मशीन वर नेलं, धान्य नेलं, गाद्या नेल्या. सासूबाई म्हणाल्या, माझं मागाहून बघ. मी मागाहूनच बघितलं, तोवर पाणी त्यांच्या खाटेवरून गेलं होतं."

सुताराला आपल्या जिभेची लाज वाटली. पुराची माणसं सुखरूपच सुटतात, असं भूकंपाच्या आजी इतकी वर्षं समजत होत्या.

मग त्या सरकून विहीणबाईंच्या शेजारी बसल्या.

"हे बघा, भिंत पडो नाहीतर पाणी येवो, या घरात बाळाला आधी उचलायचं ते तुम्ही. बाकी डबेबिबे माझ्याकडे लागले. पण खाट भिंतीपासून लांब हं, तेवढं मी सोडायची नाही."

पुराच्या आजींनी डोळे पुसले आणि मान हलवली.

"मग उंची किती?" सुताराने हळूच विचारलं.

"यांना न वाकता उचलता येईल एवढी," भूकंपाच्या आजी म्हणाल्या.

सुताराने टेप काढला. पुराच्या आजी उभ्या राहिल्या, बाळ घ्यावं तसे त्यांनी दोन्ही हात पुढे केले, आणि त्याने जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंत माप घेतलं.