प्रार्थना कोण घेणार

मुलाखत म्हटली की कोणालाही धाकधूक वाटते, पण तिला भीती शिकवण्याची नव्हती. कर्णबधिर मुलांना शिकवणं तिच्या डाव्या हाताचा मळ होता. तिची आई जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलायला लागायच्या आधीच ती आईकडे खुणांनी दूध मागायला शिकली होती. भीती होती ती एकाच प्रश्नाची.

मागच्या शाळेत हा प्रश्न चहा पिता पिता आला होता. प्रार्थनेच्या वेळी तुम्ही डोळे का मिटत नाही, असं एका बाईंनी सहज विचारलं. तिनेही सहज सांगून टाकलं, "मी देव मानत नाही." भांडण झालं नाही, कोणी आवाजही चढवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून ती डबा उघडायची तेव्हा बाकीच्यांचे डबे संपलेले असायचे. एका वडिलांनी मुलाला तिच्या वर्गातून काढून दुसऱ्या वर्गात घातलं. वर्ष संपता संपता तिची जागा "जास्तीची" ठरली. खरं कारण कोणी तोंडाने सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तसं झालं. पुढे ज्या शाळेत मुलाखतीला जाई तिथे कोणीतरी आधीच काहीतरी सांगून ठेवलेलं असे, किंवा असेल असं तिला वाटे.

आताची शाळा तर एका धार्मिक संस्थेचीच होती. दिवसाची सुरुवात प्रार्थनेने व्हायची आणि ती वर्गशिक्षिकेने घ्यायची.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि घरी आला तरी समोरच्या वस्तूकडे एक डोळा बारीक करून बघायचा. "विचारलं तर हो म्हण आणि मोकळी हो."

"आणि मग रोज हो म्हणत राहू?"

"रोज नोकरीवर जायचंय ना? मग रोज म्हण."

सासूबाई मटार सोलत होत्या. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना केल्याशिवाय त्या अन्नाला शिवत नसत. सुनेचं काय ते त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी कधी तो विषय काढला नव्हता.

"तिला खोटं शिकवू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. मग जरा वेळाने शेंगांवरची नजर न उचलता सुनेला म्हणाल्या, "पण खरंही सांगू नकोस बाई. मला त्या माणसांची भीती वाटते. मी त्यांच्यातलीच आहे, म्हणून जास्त वाटते."

म्हणजे भीती खोटी नव्हती. आजवर तिला वाटायचं, आपली भीती आपल्या मनाचे खेळ असतील.

मुलाखतीला दोघं होते. मुख्याध्यापिका सडपातळ, करड्या केसांच्या, बोलता बोलता नकळत हातांनीही बोलणाऱ्या. संस्थेचे अध्यक्ष धिप्पाड आणि आवाजाने इतके मऊ की कान देऊन ऐकावं लागे. शाळा त्यांनी उभी केली होती, पण खुणांची भाषा त्यांना येत नव्हती. त्यांनी गणित कसं शिकवाल, चिडलेल्या मुलाला कसं शांत कराल, असं बरंच विचारलं. ती उत्तरं देत गेली आणि मनातून त्या प्रश्नाची वाट बघत राहिली, पायरीवर कुत्रं बसलेलं असलं की माणूस बघतो तशी.

"आणि प्रार्थना घ्याल ना?"

ती म्हणाली, "शिकवता येईल, सर."

वाक्य खोटं नव्हतं. खरंही नव्हतं. अध्यक्षांनी समाधानाने मान हलवली. "मग वर्गातच चला. आम्हाला दाखवा."

वर्गात मुलं अर्धगोल करून बसली होती. तिने प्रार्थना घेतली. तोंडाने म्हणायची असती तर पुटपुटून वेळ मारून नेता आली असती, पण हातांना पुटपुटता येत नाही. तिने प्रत्येक शब्द नीट, सावकाश केला. प्रकाश, वाट, रक्षण, कृपा. मुलांनी तिच्यामागोमाग हात हलवले. अध्यक्ष भिंतीला टेकून कौतुकाने बघत होते. सुटले, असं तिला वाटलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीने हात वर केला आणि खुणेने म्हणाली, "तुझे हात म्हणाले. तोंड गप्प होतं."

या भाषेत अर्धं बोलणं चेहऱ्यावर असतं. भुवया, गाल, ओठ हलले नाहीत तर वाक्य मेलेलं दिसतं. ऐकू येणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही, पण या मुलांपासून लपवणार कसं?

"तू देवाशी बोलत नाहीस?" मुलीने विचारलं. रागाने नाही. चप्पल कुठे घेतलीस, असं विचारावं तसं.

"काय म्हणतेय ती?" अध्यक्षांनी विचारलं.

तिचे हात थंडगार पडले होते. नजरेच्या कडेला मुख्याध्यापिका दिसत होत्या आणि त्यांना सगळं कळत होतं. मुलगी उत्तराची वाट बघत होती. या मुलांशी बोलणारी माणसं आधीच थोडी. त्यातल्या एकीने तोंडावर खोटं बोलायचं, हे काही तिला जमेना.

"नाही, मी बोलत नाही," तिने खुणेने सांगितलं. "तू बोलत जा."

मुलीने मान डोलावली आणि वेणीशी खेळू लागली.

"ती म्हणते, नव्या बाई छान शिकवतात," मुख्याध्यापिका अध्यक्षांना म्हणाल्या.

अध्यक्ष खूश होऊन आपल्या खोलीत गेले. मुख्याध्यापिकांनी तिला जिन्यापाशी गाठलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"मी त्यांच्याशी आजवर खोटं बोलले नव्हते."

"मग आज का बोललात?"

"पोरीसमोर तमाशा नको म्हणून. आणि तुमच्यासारखे हात या शाळेत आजवर आले नाहीत म्हणून." त्यांनी श्वास घेतला. "पण हे मला पेलायचं नाही. मी मनापासून प्रार्थना करणारी बाई आहे. उद्या कोणा पालकाला कळलं तर दोघीही जाऊ. तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा. नाहीतर निमूट घरी जा, मी काहीतरी कारण सांगेन."

घरी जाणं सोपं होतं. दार समोरच होतं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. बाहेर ऊन होतं, रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. मग ती मागे फिरली. धैर्य आलं होतं असं नाही. पुढच्या शाळेतही हाच जिना आणि हीच धडधड असेल, हे दिसल्यामुळे तिचं पाऊल दाराबाहेर पडेना, एवढंच.

अध्यक्षांनी तिचं बोलणं न अडवता ऐकलं. मुलीने खरं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही तिने सांगितलं. मुख्याध्यापिकांनी ते बदलून का सांगितलं, ते मात्र त्यांचं त्यांनीच सांगावं म्हणून सोडून दिलं. त्या दारातच उभ्या होत्या. "मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या स्वतःहून म्हणाल्या.

अध्यक्ष टेबलावरची काच पुसू लागले.

"मुलांना शिकवाल का हे? देव नाही म्हणून?"

"नाही. आपणहून तो विषय काढणार नाही. पण विचारलं तर खोटं सांगणार नाही."

"मला हे आवडलेलं नाही," ते त्याच मऊ आवाजात म्हणाले. "कळवतो."

त्यानंतरचे दिवस जीव टांगणीला लावून गेले. सासूबाई तिच्या ताटात जास्त वाढायच्या. शेवटी मुख्याध्यापिकांचा फोन आला. सत्रापुरतं घेतलंय. प्रार्थना त्या स्वतः घेणार. आणि अध्यक्ष वाटेल तेव्हा वर्गात येऊन बसणार.

"एवढ्यावर येणार का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"येते," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी अध्यक्ष खरोखरच येऊन मागच्या बाकावर बसले. लहान बाकावर त्यांचे गुडघे मावेनात. मुलं एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिने हात एकमेकांवर घासून ऊब आणली, फळ्यावर एक वर्तुळ काढलं, ते मधोमध कापलं आणि अर्धा म्हणजे काय ते सांगायला लागली.