पाणी पाजलेला दुष्काळ

मित्रांनो, मी जुना झालेला एक चिमटा आहे. चिमटा म्हटल्याबरोबर चूल आणि निखारे डोळ्यांसमोर आणू नका. मी बोटभर लांबीचा, पोलादी, आणि टोकाला इतका बारीक आहे की मुंगीला न दुखवता उचलून बाजूला ठेवीन. ही बढाई समजू नका. बढाई मारायला ऐकणारं कोणीतरी लागतं, आणि माझा मुक्काम सध्या एका गंजक्या कात्रीशेजारी, सुतळीच्या गुंडाळ्यात आहे.

माझी उमेदीची वर्षं घड्याळाच्या दुकानात गेली. माझे धनी घड्याळजी होते. त्यांची मुलगी शाळा सुटली की काउंटरमागच्या स्टुलावर येऊन बसायची आणि मला हातात घेऊन बारीक स्क्रू वेचायची. पुढे ती शिकली आणि शेती संशोधन केंद्राच्या गहू विभागात नोकरीला लागली. केंद्राने दिलेले बोथट चिमटे पाहून तिने कपाळाला हात लावला. तेव्हा धन्यांनी मला डबीतून काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. केंद्रात सगळे तिला ताई म्हणत. मी तिला परकर-पोलक्यात पाहिलेलं असल्यामुळे मी तिच्याविषयी एकेरीतच बोलणार.

तिला असा गहू हवा होता, जो पेरणीच्या ओलीवर निघेल आणि पुढे थेंबभर पाण्याविना दाणा भरेल. हे बोलायला सोपं आहे. गव्हाचं फूल मोठं आतल्या गाठीचं असतं. दार उघडायच्या आतच ते घरातल्या घरात लग्न उरकून मोकळं होतं. म्हणून फूल कोवळं असतानाच ओंबीवर वाकायचं, टरफलाचं टोक कापायचं आणि आतले तिन्ही पुंकेसर अलगद काढून टाकायचे. ते काम माझं. एखादा जरी आत राहिला तरी सगळं फुकट. मग ओंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि योग्य दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग आणून आत झटकायचे.

आईचं वाण भरघोस दाण्याचं होतं, पण पाण्यासाठी हपापलेलं. बापाचं वाण कोरड्या डोंगरातलं. उंच, काटकुळं, मूळ खोलवर जाणारं. दाणा मात्र असा किडमिडीत की कोंबडीनेही तोंड वाकडं करावं. पहिल्या पिढीतली सगळी रोपं एकसारखी निघाली. दुसऱ्या पिढीत नुसता गोंधळ उडाला. तहान सोसण्याचा गुण एका जनुकात असता तर ताई केव्हाच सुटली असती. तो वाटला गेला होता. खोल मूळ एका जनुकाच्या पदरात, लवकर फुलणं दुसऱ्याच्या, पानावरचा मेणाचा निळसर थर तिसऱ्याच्या. त्यातही खोल मुळाचा आणि किडमिडीत दाण्याचा जनुक एकमेकांना चिकटून बसलेले. एकाला बोलावलं की दुसरा न बोलावता दारात हजर.

ही जोडी एखाद्याच रोपात तुटते. ते रोप सापडेपर्यंत ताईचे केस पांढरे झाले. मधल्या काळात घड्याळजी गेले, दुकान विकलं गेलं, लग्नाची स्थळं यायची थांबली. आई म्हणायची, "अगं, तुझ्या गव्हाची किती लग्नं लावलीस, स्वतःचं तेवढं राहिलं." ताई हसायची आणि माझी टोकं रुमालाने पुसायची. एके वर्षी खोल मुळाचं आणि टपोऱ्या दाण्याचं रोप सापडलं तेव्हा ती बांधावर बसून रडली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान होता.

पुढच्या पिढ्यांत ते वाण स्थिर झालं आणि शेवटच्या चाचणीला उभं राहिलं. एका तुकड्यात शेजारी शेजारी ताईचा गहू आणि शेतकऱ्यांकडे रुळलेला, पाण्यावर वाढणारा गहू. पेरणीनंतर पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तहान लावल्याखेरीज कोण तग धरतं हे कळणार कसं? ताईचा गहू त्यात सरस ठरला तर शेतकऱ्यांपर्यंत जाणार, नाहीतर कायमचा बाद. फुलोऱ्याच्या सुमाराला रुळलेला गहू पिवळा पडला, पानं सुरळीसारखी वळली. ताईचा गहू मात्र निळसर, ताठ उभा होता. ताई ओंब्यांवरून हात फिरवत चालायची.

तेवढ्यात बातमी आली की वरून पाहुणे येणार. ताई त्या दिवशी आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली होती. मी तिच्या खिशातच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती शेतात आली आणि तिची चप्पल चिखलात रुतली.

पंपवाले काका पाइप गुंडाळत होते. ताईने चप्पल चिखलातून उपसली. ती म्हणाली, "काका, हे काय केलंत?"

"साहेबांनी सांगितलं, ताई. मी आपला कॉक फिरवला."

ताई तशीच चिखलाच्या पायांनी साहेबांच्या खोलीत गेली. साहेब टाय बांधत होते.

"साहेब, ती दुष्काळाची चाचणी होती."

"माहितीये हो, मॅडम. पण पाहुण्यांना वाळलेलं शेत दाखवायचं? आपल्या केंद्राची शोभा होईल ना! आणि बिघडलं काय? उलट पीक वाचलं की."

मेहनत पाण्यात जाते असं लोक म्हणतात. मी ती जाताना पाहिली, मित्रांनो. रुळलेला गहू पाणी मिळताच तरारला. वर्षानुवर्षं तो तेवढंच शिकला होता. ताईचा गहू काटकसरीत वाढलेला, त्याने आयत्या पाण्याचं सोनं केलं नाही. मापं झाली. वाणांची निवड करणाऱ्या समितीने निकाल दिला: दुष्काळातही नवं वाण रुळलेल्या वाणापेक्षा मागे. ताईने पुन्हा पुन्हा सांगितलं की तो दुष्काळ नव्हताच. समितीने साहेबांकडे पाहिलं. साहेब निवृत्तीला आलेले. जाता जाता डाग कोण लावून घेतो? ते म्हणाले, "आमच्या नोंदीत पाणी दिल्याचं कुठे नाही."

त्या खोलीतल्या कोणीही काकांना तेवढं विचारलं नाही.

चाचणीचा गहू पोत्यात भरून दळायला गेला. फाटकं पोतं बांधावरून ओढत नेलं आणि थोडे दाणे सांडले, त्याची फिकीर कोणाला? साहेबांच्या निरोपाच्या जेवणात तेच पीठ होतं. साहेब मिटक्या मारत म्हणाले, "वा! चवीला काय छान आहे हो!" ताई पानावरून उठली.

तिची बदली फुलझाडांच्या विभागात झाली. शीतगृहातली तिच्या बियाण्याची पाकिटं बाद वाणांबरोबर फेकली गेली, कारण ती जागा अडवत होती. घरी आई म्हणाली, "मूठभर पिशवीत टाकून आणलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

"केंद्राचं बी आहे ते, आई. चोरी झाली असती."

हे ऐकून मला पहिल्यांदा तिचा राग आला. अजून आहे. आणि माझं काय झालं? मी गुलाबाचे काटे उपटू लागलो.

पुढच्या हंगामात पाऊस पेरणीपुरता पडला आणि गायब झाला. विहीर आटली, पंप नुसता गुरगुरू लागला. रुळलेला गहू फुलोऱ्यातच जळाला. एका दुपारी ताई कुंड्यांसाठी माती आणायला जुन्या बांधाकडे गेली आणि थबकली. सांडलेल्या दाण्यांचा एक पुंजका उगवला होता. निळसर पानं, ताठ ओंब्या, चारी बाजूंना करपलेलं रान. ती गुडघ्यांवर बसली. "आहेस का रे तू?" असं ती म्हणाली, गव्हाला. मग घाईघाईने नव्या साहेबांकडे गेली. ते बैठकीत होते. उद्या या, असं उत्तर मिळालं.

उद्या दुष्काळाची पाहणी करायला पाहुणे येणार होते. साहेब बदलले होते, हुकूम तोच होता. सकाळी ताई पोहोचली तेव्हा बांध आरशासारखा लख्ख झाला होता आणि काका कचऱ्याच्या ढिगाशेजारी घाम पुसत होते. ढिगात निळसर पानं होती. तिचा चेहरा पाहून काका गडबडले.

"बांध साफ करा म्हणून साहेबांनी सांगितलं, ताई. मी आपलं खुरपं फिरवलं."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्यापाशी काहीतरी मागतो. तेल द्या, कोरडं ठेवा, अडगळीत टाकू नका. मला यातलं काही नको. तुमच्या घरी पाहुणे आले तर वाळलेलं त्यांना वाळलेलंच दाखवा. एवढं करा.

ताईने ढिगातून एक ओंबी काढली आणि खिशातून मला बाहेर घेतलं. दाणा पिकला असता तर बियाण्याला एकही पुरला असता. तिने माझ्या टोकात एक दाणा धरला आणि हलकेच दाबला. दूध आलं.