आखूड राहिलेला पाय

मित्रांनो, आजारी माणसाच्या खाटेशी जो उभा असतो आणि येता-जाता ज्याला तुमचा पाय अडखळतो, तो जुना वॉकर मी. अॅल्युमिनियमच्या पोकळ नळ्या, चार पाय, पायांत रबरी बूट. प्रत्येक पायाला ओळीने भोकं आहेत. खटका दाबायचा, पाय हवा तेवढा लांब करायचा आणि सोडायचा. चारही पाय सारखे असले तरच माझ्यावर विसंबावं.

आजोबांनी जन्मभर बस चालवली. खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी त्यांच्याकडे आलो. सकाळी मला पुढ्यात ओढून ते म्हणत, "चला, गाडी काढू." खाट ते न्हाणीघर, न्हाणीघर ते खिडकी, अशा आमच्या फेऱ्या. नात वाटेत आली तर तोंडाने हॉर्न वाजवत.

ही नात नाटकवेडी. दोन दिवसांत लघुपट करून द्यायच्या एका स्पर्धेत तिने मैत्रिणींबरोबर भाग घेतला. स्पर्धेचा नियम असा, की सुरुवातीला प्रत्येक गटाने एक चिठ्ठी उचलायची आणि तिच्यावर लिहिलेली वस्तू लघुपटात दाखवायची. यांच्या चिठ्ठीत वॉकर निघाला. नातीने लगेच आजोबांना गळ घातली. दुपारी जेवायच्या आत परत आणते, म्हणाली. आजोबांनी हसून परवानगी दिली. फक्त गाडीला पोचा पडता कामा नये, एवढंच बजावलं. नातीची आई परिचारिका. ती दिवसभर कामावर होती.

चित्रीकरण एका मैत्रिणीच्या इमारतीतल्या लांब व्हरांड्यात होतं. लघुपटात नात म्हातारी झाली होती. तिच्या उंचीसाठी माझे चारही पाय एकेक भोक आखूड केले. मग ती चालली. आधी मी पुढे, मग दुखरा पाय, मग एक श्वास. हुबेहूब आजोबा. मित्रांनो, मला अभिमान वाटला, हे लपवत नाही.

पण तेच चालणं मग बाजूने घेतलं, मागून घेतलं, नुसते माझे बूट घेतले. दिग्दर्शक मैत्रीण प्रत्येक वेळी म्हणायची, की हे शेवटचं. दुपार टळली. नातीने एकदा घड्याळ पाहिलं. तिची मूठ माझ्यावर घट्ट झाली. तरी ती म्हणाली, "घे, पटकन घे."

संध्याकाळी घराच्या दाराशी तिने घाईघाईने माझे पाय पुन्हा लांब केले. तीन खटके नीट बसले. चौथा एक भोक अलीकडेच अडकला. खाली मैत्रिणी हाका मारत होत्या. मला खाटेशी टेकवून ती पळाली.

खाटेजवळचा पाण्याचा तांब्या सकाळपासून भरलेलाच होता. पाणी प्यायलं तर न्हाणीघरात जायला उठावं लागेल, म्हणून आजोबा प्यायलेच नव्हते. आता ते घाईने उठले. माझा पुढचा डावा पाय जमिनीला टेकत नव्हता. वस्तूला ओरडता येत नाही. त्यांनी भार टाकला, मी कललो आणि ते कोसळले.

हाड मोडलं नाही, खांदा सुजला. पायांनी दगा दिला, असं आजोबा सगळ्यांना सांगत राहिले.

दुसऱ्या दिवशी नात मला बाजूला सरकवत होती, तेव्हा मी डुगडुगलो. तिने खाली वाकून पाहिलं आणि तिथेच फरशीवर बसली. मग खटका नीट बसवला. कोणाला काही बोलली नाही.

लघुपटाला अभिनयाचं बक्षीस मिळालं. ढाल तिने कपाटामागे सरकवून दिली. आजोबा उठेनासे झाले. डॉक्टरांनी चाला म्हटलं तर म्हणत, "माझं लायसन्स गेलं, डॉक्टर." माझ्यावर टॉवेल वाळू लागले. नात त्यांचे पाय चेपायची, दहादा काय हवं-नको विचारायची. खटक्याबद्दल मात्र काही सांगायची नाही.

एका सकाळी आई म्हणाली, की वॉकर दवाखान्यात देऊन टाकू, कोणाच्या तरी कामी येईल. आजोबा भिंतीकडे बघत "दे" म्हणाले.

"आजोबा, तुमचे पाय चुकले नव्हते," नात म्हणाली. "याचा एक पाय आखूड राहिला होता. माझ्या हातून."

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी."

आजोबा रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

"पडलो त्याचं काही नाही गं," ते म्हणाले. "पण इतके दिवस मी या पायांना शिव्या घालत होतो."

आणि त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावरून हात फिरवला. ज्याला चुकून ओरडलो त्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग पाय खाटेवरून खाली सोडले. त्या दिवशी आम्ही जेमतेम दारापर्यंत गेलो. इतके दिवस पडून राहिलेले पाय थरथरत होते.

मित्रांनो, कोणाची वस्तू आणलीत, तर होती तशी परत करा. आणि चुकलात तर लवकर सांगा. तुम्ही गप्प बसता, तेव्हा एखादं म्हातारं माणूस तुमची चूक आपल्या अंगावर ओढून घेत असतं.

पूर्वी आजोबा न्हाणीघरापर्यंत एकटे जात. आता मी असूनही त्यांना नातीचा हात लागतो. ती तो पुढे करते. त्याआधी मात्र माझे चारही पाय एकेक करून दाबून पाहते, आजोबा "पुरे आता" म्हणाले तरीही.