अर्धा फेरा सैल

चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काढली की मला माणसाचा चेहरा नंतर दिसतो, आधी दिसतात त्याच्या फ्रेमचे स्क्रू. सैल स्क्रू दिसला की हात आपोआप पर्समध्ये जातो. तिथे एक पिटुकला स्क्रूड्रायव्हर कायमचा मुक्कामाला असतो. एका लग्नात तर मी एका अनोळखी गृहस्थांचा चष्मा नाकावरून उतरवून घेतला, आवळला आणि पुन्हा जागेवर ठेवून दिला. ते कुणाशी तरी बोलत होते, ते बोलतच राहिले.

ही खोड आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच घडलं.

माझे यजमान शहर बस चालवतात. घरात मी त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणते. दिवसभर थांबे, सिग्नल, गतिरोधक, पुन्हा थांबे. बस जरा वेग घेते न घेते तोच कुणीतरी घंटी वाजवतं. त्याची सगळी कसर हा माणूस सुट्टीच्या दिवशी भरून काढतो, तीही तळहाताएवढ्या गाडीवर.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. टेबलाच्या उंचीवर लाकडी रस्ता, म्हणजे ट्रॅक, असतो आणि त्यात शेजारी शेजारी दोन खाचा कोरलेल्या असतात. खाचेच्या कडांना तांब्याची पट्टी, पट्टीत वीज. गाडीच्या पोटाखालची जीभ खाचेत बसते. हातात एक खटका असतो, दाबला की वेग, सोडला की ब्रेक. वळणावर हावरटपणा केला की गाडी खाच सोडून थेट भिंतीवर. एवढंच. पण एवढ्याशासाठी संसारी माणसं टायर पॉलिशपेपरवर घासत बसतात, शिशाचे तुकडे गाडीच्या पोटात इकडून तिकडे चिकटवतात आणि एका ठिपक्याएवढं तेल घालताना श्वास रोखून धरतात. बायकोने हाक मारली तरी तो श्वास सुटत नाही.

ड्रायव्हरसाहेबांना हे वेड लावलं माझ्या बाबांनी. आमच्या माहेरच्या घरात दोनच खोल्या धड होत्या. एकीत आईबाबा आणि दुसरीत बाबांचा ट्रॅक. मी आणि धाकटी, आम्हा दोघी बहिणींची घडीची खाट पॅसेजमध्ये. रात्री पाणी प्यायला उठणारा प्रत्येक माणूस आमच्या पायांवरून जायचा. ट्रॅकला दार होतं, खिडकी होती, पंखा होता. मला यातलं काही नव्हतं. बाबा प्रेमळ होते, अजूनही आहेत, पण ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानातच आली नाही, आणि ती माझ्या मनातून कधी गेली नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी आमची लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिची आठवण काढून मी दोन दिवस रडले आणि तिसऱ्या दिवशी तिच्या खोलीचं माप घेतलं. खिडकीपाशी एक खुर्ची टाकली. दुकानातून आले की दार लावून तिथे बसायचं, कुणाच्या नाकाकडे बघायचं नाही. पन्नाशीत मला पहिल्यांदा खोली मिळाली होती.

आणि नेमकं त्याच सुमाराला बाबांनी जाहीर केलं की जिने आता झेपत नाहीत, धाकटीच्या घराजवळ तळमजल्यावर एक लहानशी जागा बघितली आहे, आणि तिथे ट्रॅक मावत नाही.

"दोन जावई आहेत," बाबा म्हणाले. "शर्यत लावा. जो जिंकेल त्याने ट्रॅक न्यावा. मी न्याय करीन."

धाकटीच्या नवऱ्याची बेकरी आहे. बेकरीमागे पिठाच्या पोत्यांची मोठी खोली आहे, तिथे ट्रॅक आरामात बसला असता. आमच्याकडे एकच खोली रिकामी होती, आणि ती रिकामी नव्हती.

"जिंकलात तर कुठे ठेवणार?" मी विचारलं.

"आधी जिंकू तर दे," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि खुर्चीकडे न बघता निघून गेले. नजर चुकवणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. चष्म्याची किंमत ऐकल्यावर लोक तसेच बघतात.

तर, शर्यतीच्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले होते. गाडी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एका रुमालावर उताणी पडली होती. मी चहाचे कप उचलायला गेले आणि पाहिलं तर वरची बॉडी ज्या दोन स्क्रूंनी खालच्या सांगाड्याला धरलेली असते, ते दोन्ही सैल! बोट लावलं तर बॉडी डगडगत होती. इतके दिवस डोळ्यांत तेल घालून जपलेली गाडी, आणि स्क्रू आवळायला विसरले! मनात आलं, हरायचं तर नीट हरू देत, सैल स्क्रूमुळे नको. पर्स शेजारीच होती. दोन्ही स्क्रू असे छान बसवले की चष्मा असता तर पाच वर्षं हलला नसता. रुमालाची घडी सरळ केली आणि कामाला लागले. सांगायचंही डोक्यात आलं नाही. रोजच्या डझनभर स्क्रूंचं कोण सांगत बसतं?

दुपारी सगळे बाबांकडे जमलो. बेकरीवाले आपला पिठाचा काटा घेऊन आले होते. त्यावर ते शिशाचा कण न् कण तोलतात, म्हणून त्यांची गाडी वळणावर लोण्यासारखी फिरते. ड्रायव्हरसाहेबांचं बळ सरळ रस्त्यावर. बाबांच्या ट्रॅकची एक बाजू पार खिडकीपासून दारापर्यंत सरळ आहे. तिथे यांची गाडी बेकरीवाल्यांना दरवेळी गाठते.

सरावाला सुरुवात झाली आणि यांची गाडी पहिल्याच वळणावर उडी मारून खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. सावकाश चालवली तर किरकिरत, थरथरत जायची, जरा दाबली की बाहेर. ड्रायव्हरसाहेबांनी टायर पुसले. गाडीखालच्या, वीज ओढून घेणाऱ्या तांब्याच्या केसाळ पट्ट्या विंचरल्या. जीभ बघितली, चाकांच्या गिअरचे दाते बघितले, शिसं इकडचं तिकडे केलं. स्क्रू तेवढे बघितले नाहीत. ते त्यांनी आदल्या दिवशी स्वतः नीट लावले होते ना.

"भाऊजी, आज गाडीला घंटी वाजवली का कुणी?" बेकरीवाले हसून म्हणाले. यांनी नेहमीसारखा टोला परत दिला नाही.

मग बाबांची जुनी पद्धत झाली. शर्यतीआधी ते प्रत्येक गाडी कानाशी धरून हलवतात. लहानपणी मला वाटायचं, आत काही मोडलंय का ते ऐकतात. बेकरीवाल्यांची गाडी हलवली तशी ती खुळखुळ वाजली. बाबांनी मान डोलावली. यांची गाडी हलवली. शांत. पुन्हा हलवली. बाबांनी गाडी खाली ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. शर्यत होईपर्यंत कुणालाही सल्ला द्यायचा नाही, हा त्यांचा नियम.

"आधी चहा घेऊ, मग सुरू करू," एवढंच म्हणाले.

चहा ओतता ओतता मी बेकरीवाल्यांना सहज विचारलं, "तुमची गाडी इतकी का हो वाजते? स्क्रू आवळत नाही का?"

"आवळायचे नसतातच ताई!" त्यांना कुणी विचारलं की फार आनंद होतो. "पूर्ण बसवायचे आणि अर्धा फेरा उलटे फिरवायचे. बॉडी जराशी हलती राहिली की मोटरची थरथर तिच्यात जिरते आणि चाकं रस्ता धरून ठेवतात. घट्ट केली की सगळी गाडीच थरथरते आणि वळणावर उड्या मारते. हे तर नवशिक्यालाही माहीत असतं."

नवशिक्याला माहीत होतं. ट्रॅकच्या घरात लहानाची मोठी झालेल्या मला माहीत नव्हतं.

चहाची किटली घेऊन मी पॅसेजमध्ये उभी राहिले, अगदी आमच्या खाटेच्या जागी. कुणाला कळणार नव्हतं. मी काही मुद्दाम केलं नव्हतं. फक्त गप्प राहायचं, की ट्रॅक पिठाच्या पोत्यांमध्ये जाणार आणि खुर्ची खिडकीपाशी राहणार. खरं सांगते, मला ते फार हवं होतं. चहा निवेपर्यंत मी तिथे उभी होते.

पण दारातून ड्रायव्हरसाहेब दिसत होते. गाडी मांडीवर घेऊन बसले होते. धाकटीने विचारलं, "काय झालं भाऊजी?" तर म्हणाले, "गाडी चांगलीच आहे गं. हातच गेला माझा. वय झालं." आणि स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्याच हातांनी ते बसभर माणसं रोज सुखरूप घरी पोचवतात. मला ते ऐकवेना.

"अहो, जरा इकडे या," मी हाक मारली.

पॅसेजमध्ये आल्यावर मी एका दमात सांगून टाकलं. सकाळ, टेबल, रुमाल, स्क्रू. वर हेही म्हटलं, "तुम्हाला वाटेल मी खोलीसाठी केलं. वाटू दे. पण नाही केलं."

ते माझ्याकडे बघतच राहिले आणि मग इतके हसले की चष्मा घसरला. "अगं, तुला मुद्दाम करायचं असतं तर तू गाडी उचलून पिठाच्या डब्यात घातली असतीस आणि वर माझ्या तोंडावर सांगितलं असतंस. मी ओळखत नाही का तुला?" मग म्हणाले, "पण मग सांगितलंस कशाला? खोली वाचत होती की."

"खोली मला हवीच आहे," मी म्हटलं. "पण तुमचा हात गेला असं तुम्हाला वाटायला लावून नको."

त्यांनी गाडी उताणी करून माझ्यापुढे धरली. "तूच कर. तू आवळलेला स्क्रू माझ्याने काय सुटणार?"

मी स्क्रूड्रायव्हर काढला. चांगला बसलेला स्क्रू जाणूनबुजून उलटा फिरवायची वेळ माझ्यावर आयुष्यात पहिल्यांदा आली होती. माझे दात शिवशिवले. अर्धा फेरा एक, अर्धा फेरा दुसरा. त्यांनी गाडी माझ्या कानाशी हलवली. खुळखुळ वाजली.

खोलीत परतलो तेव्हा बाबा माझ्या पर्सकडे बघत होते. "मला वाटलंच," ते पुटपुटले. "इतके घट्ट स्क्रू आपल्या घरात एकच माणूस आवळतं."

शर्यत सुरू झाली. वळणांवर बेकरीवाले पुढे जायचे, सरळ रस्त्यावर हे त्यांना गाठायचे. धाकटी नवऱ्याच्या नावाने ओरडत होती. मी आधी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण शेवटच्या फेरीला दोन्ही गाड्या चिकटून वळणातून बाहेर पडल्या आणि समोर खिडकीपासून दारापर्यंतचा तो लांबलचक रस्ता दिसला, तेव्हा मीच किंचाळले, "दाबा!" त्यांनी दाबलं. गाडी बोनेटभर पुढे राहून जिंकली. मी टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवताच लक्षात आलं की माझी खोली गेली.

आठवड्याने ट्रॅक आमच्याकडे आला. ड्रायव्हरसाहेबांनी खोलीचं माप घेतलं. ट्रॅक मावत होता, पण सरळ रस्ता थेट खिडकीला टेकत होता. खुर्चीला एकच जागा उरत होती. पॅसेजमध्ये.

"पुन्हा पॅसेज," एवढंच मी म्हटलं. भांडले नाही. जिंकायला मीच ओरडले होते. डबा उचलला आणि दुकानात गेले. त्या दिवशी लोकांचे स्क्रू मी गरजेपेक्षा जरा जास्तच आवळले.

संध्याकाळी घरी आले तर दारापासून लाकडाचा भुसा. खोलीत ट्रॅक बसला होता, पण लहानखुरा दिसत होता. सरळ रस्त्याचा भलामोठा तुकडा करवतीने कापून भिंतीला टेकवून ठेवला होता, समोरच्या बाजूचाही तेवढाच. आणि खिडकीपाशी मोकळी जागा, तिथे माझी खुर्ची, पुसून ठेवलेली.

ड्रायव्हरसाहेब खाली बसून तांब्याच्या पट्ट्या जोडत होते. "वळणं तेवढीच राहिली," ते वर न बघता म्हणाले. "सरळ जरा कमी झालं."

"अहो, पण तुमची गाडी तर सरळ रस्त्यावरच…"

"असू दे. थांब्यांची मला सवय आहे."

बाबाही आले होते. कापलेल्या फळीवर पेन्सिलीची रेघ त्यांच्याच हातची होती. ते फळीवरून हात फिरवत होते. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं असेल. इतक्या वर्षांचा ट्रॅक.

"बाबा, रागावलात?"

त्यांनी मान हलवली. "नाही गं. एवढं कापलं असतं तर त्या घरातही खिडकीपाशी तुमची खाट बसली असती," ते म्हणाले. "मला तेव्हा सुचलं नाही."

मी पर्स ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, आणि दोघेही भल्या माणसांसारखे तांब्याच्या पट्टीकडे बघत राहिले.

तेव्हापासून बेकरीवालेच जिंकतात. दर रविवारी येतात, पाव आणतात आणि जिंकून जातात. ड्रायव्हरसाहेब हरले की म्हणतात, मार्गावरचे थांबे वाढले. मी खिडकीपाशी बसलेली असते. एखादी गाडी गप्प धावायला लागली की मान वर न करता सांगते, "स्क्रू बघा," आणि ते बघतात.

बाबाही येतात. आले की म्हणतात, इथून ट्रॅक छान दिसतो, जरा मला बसू दे खुर्चीत. मी त्यांना स्वयंपाकघरातून स्टूल आणून देते.