हाडाचं कलम

खोटं कशाला बोलू, ह्यांना दात येऊ नयेत असं मला मनापासून वाटत होतं.

आमचे हे, काशिनाथ, आचऱ्यात आंब्याची कलमं बांधतात. हापूसची काडी रायवळ रोपात बसवायची, एका हाताने सांधा धरायचा, दुसऱ्याने वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची, आणि पट्टी सैल पडू नये म्हणून तिचं टोक दातात ओढून धरायचं. मग दोन महिने त्या बंधाला हात लावायचा नाही. दातांवाचून हे काम नाही, आणि ह्यांचे खालचे दात पन्नाशीतच गेले. कवळी केली, पण जबड्याचं हाड झिजून सुरीच्या पात्याएवढं उरलेलं. कवळी बसणार कशावर? शहाऐंशी सालच्या पावसात एकदा ह्यांनी पट्टी ओढली आणि कवळीच पट्टीला लटकून बाहेर आली. मी पोट धरून हसले. हे चिडले, आणि मग पट्टीचं टोक माझ्यापुढे केलं.

बत्तीस वर्षं मी चुलीकडे आणि हे पडवीत. गाठ पडायची ती जेवण वाढण्यापुरती. त्या पावसात आमची तोंडं वीतभर अंतरावर आली. दुपारभर पट्टी माझ्या दातात, ह्यांचा श्वास माझ्या कपाळावर, आणि लांबून समुद्राची गाज. आपण जाग्या आहोत की झोपेत, तेच मला कधी कधी कळायचं नाही. या वयात एवढं सुख, म्हणून लाजही वाटायची.

दिवाळीनंतर आमच्या मुलाचं, सत्यवानाचं, पत्र आलं. तो मुंबईला एका हॉस्पिटलात कामाला. तिथे परदेशात शिकून आलेले एक डॉक्टर पेशंटच्याच कमरेचं हाड काढून त्याच्या जबड्यावर बसवत होते. ते धरलं की सहा महिन्यांनी त्यात स्क्रू पिळायचे आणि त्यांवर पक्के दात. हे हरखून गेले. मी देवापुढे नारळ ठेवला, पण काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टरांनी सगळं समजावल्यावर ह्यांनी शंका काढली, की आपलीच काडी आपल्याच झाडाला कोण बांधतो? काडी दुसऱ्या चांगल्या झाडाची हवी. मी लगेच म्हटलं, माझं हाड घ्या. डॉक्टर हसले आणि म्हणाले, परक्याचं हाड धरत नाही. बत्तीस वर्षांचा संसार, आणि मी परकी. तो शब्द मी घरापर्यंत उराशी घेऊन आले.

ऑपरेशन झालं. घरी सोडताना, तोंडातले टाके पंधरा दिवस ठेवा, मग मालवणच्या डॉक्टरांकडून काढून घ्या, असं आम्हा दोघांना दोनदा बजावलं होतं.

घरी आलो तेव्हा मोहर फुटला होता. हे कमरेच्या जखमेमुळे लंगडत, आणि पेज पिऊन पडवीत पडून असत. डोळा लागे, जाग येई, परत डोळा लागे. जागे झाले की स्वप्न सांगत, बागेतली झाडं म्हणे ह्यांच्यासारखीच लंगडत तळ्याकडे निघाली होती. एका दुपारी मलाही दिसलं, की ह्यांच्या तोंडातून तांबूस पालवी फुटली आहे आणि ती खुडू की नको म्हणून मी हात पुढे करून उभी आहे. दचकून उठले. हे शांत घोरत होते.

आठव्या दिवशी ह्यांनी कलमाचा चाकू मागितला. हाड धरलंय, आता बंध सोडला नाही तर आत रुतेल, असं म्हणाले. मला पंधरा दिवस चांगले ठाऊक होते. तरी मी चाकू उकळत्या पाण्यातून काढून दिला आणि समोर आरसा धरला. ह्यांनी एकेक करून टाके कापले.

जखम उकलली. पू झाला, ताप भरला, आणि पुढचं हाड सडून निघालं. त्या दिवसांत मी देवाला उलटं मागणं मागितलं. उजवीकडचं तेवढं हाड वाचलं. पुढे त्यात ठरलेल्या चारऐवजी दोनच स्क्रू बसले, आणि पुढल्या दिवाळीला त्यांवर दात आले. डॉक्टरांनी सांगितलं, हे चावायला चालतील, ओढायला नाही.

पाऊस आला तसे आम्ही परत पडवीत रोपं घेऊन बसलो. मला राहवलं नाही. म्हटलं, "आरसो माझ्या हातात होतो. मी तुमका थांबवक होया होतां. मीच थांबवलंय नाय." एवढं बोलून मी पट्टीचं टोक दातात धरलं, कारण ह्यांच्या तोंडाकडे बघवेना.

हे सांध्यावर पट्टी गुंडाळत राहिले. दोन वेढे झाल्यावर म्हणाले, "आंब्याचो बंध मी कधी आठ दिसांत सोडलंय काय गो?"

मी मान वर केली.

"पट्टी ओढूचे दात इले असते, तर तू परत चुलीकडे गेलं असतंस," हे म्हणाले, आणि तिसरा वेढा घेतला.

मला खूप बोलायचं होतं. पण तोंडात पट्टी होती, आणि ती सैल सोडली तर कलम धरत नाही.