चिठ्ठी हरवलेले पान

मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. नाहीतर माणसांशी मैत्री करावी असे माझ्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. मी दगडात अडकलेले एक जुने पान आहे. अंगठ्याएवढे, मधोमध चिरलेले, कडेला करवतीसारखे दाते. देखणे मी कधीच नव्हते.

नऊ कोटी वर्षांपूर्वी रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्कात, घनदाट जंगल होते. हिवाळ्यात तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नसे. एका हिमाच्या पहाटे मी फांदीवरून सुटले आणि ओढ्याच्या गाळात पडले. गाळावर गाळ बसत गेला, त्याचा दगड झाला. त्या सगळ्या काळाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार सुरू होते ती हातोडा लागल्यापासून.

हातोडा रुफीना साविच्नाचा होता. तिकडच्याच मगदान शहरातल्या एका संस्थेत ती वीस वर्षे दगड फोडून पाने मोकळी करीत होती. तिचे साहेब वेनियामिन आर्खिपोविच त्या पानांवरून जुने हवामान सांगत. युक्ती साधी आहे. उबदार मुलखातल्या झाडांत गुळगुळीत कडेची पाने जास्त असतात, थंड मुलखात दातेरी जास्त. अट एकच, सापडतील ती सगळी मोजायची. साहेबांना मात्र देखणी तेवढीच दिसत.

त्या उन्हाळ्यात दोघे आम्हाला खणून काढायला चुकोत्कात आले होते. परतीच्या दिवशी हेलिकॉप्टर आले आणि वैमानिकाने बजावले, ठरल्या वजनाच्या वर एक खडा घेणार नाही. साहेब नदीकाठी निवडायला बसले. ताटाएवढी, अखंड, गुळगुळीत पाने पेटीत गेली. आम्ही दातेरी, तुटकी, नदीत. बुडुक, बुडुक.

"असं निवडलंत तर मोजणी उबेकडे झुकेल," रुफीना म्हणाली.

"तुमचं काम दगड घासायचं, साविच्ना. झुकायचं-बिकायचं मी बघतो."

ती वाद घालत बसली नाही. आपल्या बोचक्यातले लोकरी बूट, जाड कोट, पांघरूण तिने काठावर काढून टाकले आणि तेवढ्या वजनाचे, नदीत जायचे राहिलेले आम्ही त्रेसष्ट दगड भरले. प्रत्येकाला वर्तमानपत्रात गुंडाळले, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी ठेवली. दगड कोणत्या थरातला ते, आणि खाली त्या दगडाचे चित्र. रबरी बुटांत कुडकुडत ती मगदानला पोहोचली. त्या एका दिवसापुरती मला माणसे बरी वाटली.

साहेबांचा अहवाल झाला. आमचे जंगल म्हणे काळ्या समुद्राच्या काठासारखे उबदार होते, हिवाळ्यात हिम नाहीच! मला कोणी फांदीवरून उतरवले ते विचारायला तरी यायचे. ताटाएवढे पान काचेच्या कपाटात दिव्याखाली बसले. आम्ही चहाच्या खोक्यात, जिन्याखाली.

ऑक्टोबरात रुफीनाने आम्हाला साफ करायला बाहेर काढले. कागद चिठ्ठ्यांसकट टेबलावर रचून ठेवले. त्याच आठवड्यात खिडक्या बुजवायच्या होत्या. मगदानमध्ये हिवाळ्याआधी प्रत्येक जण खिडकीच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबतो आणि वरून पट्ट्या चिकटवतो. दमलेल्या रुफीनाने हाताला लागला तो गठ्ठा उचलला. तो आमचा होता.

जानेवारीत अहवाल छापायला जाण्याआधीची शेवटची बैठक तिच्याच खोलीत भरली. रुफीनाने आम्हाला टेबलावर मांडले आणि म्हणाली, ही दातेरी पाने धरली तर उबेचा निकाल टिकत नाही. साहेबांनी शांतपणे चिठ्ठ्या मागितल्या. तिने खोके पाहिले, खण पाहिले. चिठ्ठी एकही नव्हती.

"चिठ्ठी नाही म्हणजे हे नुसते धोंडे," साहेब म्हणाले. "कुठल्याही नदीचे."

कोणीतरी हसले. रुफीना भिंतीकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. तिने सुरी घेतली आणि पट्ट्या कापायला सुरुवात केली. बाहेर उणे तीस होते.

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" साहेब ओरडले. "गोठून मरू सगळे."

"कोट घाला," ती म्हणाली.

बोळे निघत गेले, वारा आत आला. पेन्सिलीची अक्षरे ओलीतही टिकली होती. चित्र बघून एकेक चिठ्ठी तिने एकेका दगडाशेजारी ठेवली. बासष्ट जुळल्या. काळा समुद्र अहवालातून गेला आणि आमच्या जंगलात पुन्हा हिवाळा आला.

माझी चिठ्ठी सापडली नाही.

साहेब कोटाची कॉलर धरून बसले होते. म्हणाले, "घ्या तेही मोजून. तुमच्याच बाजूचं आहे. कुठून काढलं ते तुम्हाला आठवतंय ना?"

"आठवतंय. पण मला आठवतं म्हणून मी मोजलं, तर तुम्हाला आवडतं म्हणून तुम्ही मोजलं होतंत, त्यात आणि यात फरक काय?"

तिने मला बाजूला सरकवले. संध्याकाळी पिशवीत घालून घरी नेले. तेव्हापासून तिच्या खारवलेल्या कोबीच्या पिंपावर, फळी दाबून मी बसले आहे. ओझे म्हणून माझ्यात काही उणे नाही. तिचे बोलणे बरोबर होते, हे मला कळते. कळते म्हणून राग कमी होत नाही.

तेव्हा मित्रांनो, जमिनीतून जुने काही उचललेत, तर त्याच जागी, त्याच क्षणी त्याचा पत्ता त्याच्या पाठीवर शाईने लिहा. कागदावर विसंबू नका, आपल्या आठवणीवर तर नकोच. आणि तेवढेही होणार नसेल, तर आम्हाला हात लावू नका. गाळात होते तोवर माझा पत्ता मला कोणाला सांगावा लागत नव्हता.