घाबरलेला कर्नल आणि केळफुलांचा काठ

मित्रांनो, भंगारवाल्याने दोनदा उचलून पाहिलेला आणि दोन्ही वेळा परत ठेवलेला मी एक जुना संगणक आहे. आज मात्र मी इतका खुशीत आहे की माझा पंखा थांबायचे नावच घेत नाही!

सुरतच्या एका छोट्या दुकानात माझे सुटे भाग जोडले गेले. सहा वर्षे मी कापड मार्केटमध्ये गिऱ्हाइकांना साड्या दाखवल्या. ‘मशीन आहे की वाघ!’ असे कौतुकही ऐकले. मग नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून मला नूतनने सुरतजवळच्या कडोदऱ्याला आणले. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे ‘खातं’ म्हणतात. त्या खात्यात नूतन साड्यांच्या काठांची नक्षी काढते. माझ्या वयाला झेपेल अशी प्रणाली तिने माझ्यात बसवली आणि मी पुन्हा कामाला लागलो.

आजवर ती दुसऱ्यांच्या नकला उतरवत असे. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःच्या मनाची नक्षी काढायला घेतली, आपल्या खानदेशातल्या केळफुलांची. एका सकाळी खात्याचे मुकादम गजेंद्रभाऊ म्हणाले, “एक वाजेलोंग फाइल दे. नाहीतर सात नंबरच्या मागावर दुसरी डिझाइन चढावून देतो.”

अकराला नक्षी पूर्ण झाली. तेवढ्यात पडद्यावर अपडेटची सूचना आली आणि नूतनने घाईघाईत होकार दिला. मी बंद झालो, चालू झालो आणि मध्येच अडकलो. प्रणालीच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. हा नवा कर्नलच सदोष निघाला! काळ्या पडद्यावर अक्षरे उमटली : कर्नल पॅनिक. नक्षी माझ्या पोटात, दुसरी प्रत कुठेच नाही आणि मी मुका. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

नूतनने बरीच खटपट केली. शेवटी सगळे पुसून नवी प्रणाली टाकायची, असे ठरवून तिने डोळे पुसत पेनड्राइव्ह लावला. तेव्हा तिची आई प्रमिलाबाई डबा घेऊन आली. ती याच खात्यात मागावरच्या जुन्या धाग्यांना नवे धागे गाठते.

“काय जयं वं?”

“माय, कर्नल पॅनिक झाला. म्हणजे घाबरला.”

“इतला मोठा साहेब नि घाबरना?” प्रमिलाबाईंना तो लष्करातलाच वाटला. “मंग जुना साहेब कोठे गया?”

नूतनला रडता रडता हसू फुटले. “माय, आता नवा आला ना.”

“नवा धागा गाठाशिवाय आपन जुना तोडतस का?”

नूतनने पेनड्राइव्ह उपसून काढला. तिने मला बंद करून पुन्हा चालू केले आणि एक कळ दाबून धरली. पडद्यावर यादी आली. नव्याच्या खाली जुना कर्नल शाबूत होता! तिने तो निवडला. माझा पंखा घरघरला, दिवा लुकलुकला आणि पडद्यावर केळफुले उमलली. बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

तिने आधी नक्षीची प्रत काढली. मग मला बजावले, बाकी सगळे अपडेट घे, पण दुरुस्त कर्नल येईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. एकला पाच कमी असताना सात नंबरचा माग खडखडू लागला.

मित्रांनो, नवे जरूर आणा. पण ते नीट उभे राहीपर्यंत जुन्याला घराबाहेर काढू नका. आमची धूळ पुसत जा. माझ्यावर तर आता झाकणही आहे. त्या काठाचा पहिला तुकडा प्रमिलाबाईंनी मलाच पांघरला आहे.